भांड्यांवर बसलेली वच्छलामावशी

वच्छलामावशीला कुणी "जाऊ द्या ना मावशी" म्हटलं की ती हातातलं काम थांबवून विचारायची, "कोठी जाऊ देऊ?" हे ती चिडून विचारत नसे. खरंच पत्ता विचारत असल्यासारखी समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची. समोरचा बिचारा काहीतरी पुटपुटायचा आणि विषय होता तिथेच राहायचा.

ती आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायची. नात्याने ती आमची कुणी नाही. माझी आई तिला मावशी म्हणायची, मीही मावशीच म्हणायचे, आणि आईच्या वयाच्या बायकांची मुलंही. एका दवाखान्यात आया म्हणून तिने जन्म काढला होता. निवृत्त झाल्यावरही पहाटे उठून, अंघोळ करून, पांढरी साडी नेसून ती तयार बसायची. कुणासाठी, ते आम्हाला कळलं नाही. नवरा लवकर गेला, मुलगी चंद्रपूरला दिलेली, मुलगा संजय सेंट्रिंगच्या कामावर.

तिचं चालणं रस्त्याच्या मधोमध असे. मागून कुणी हॉर्न दिला तर ती वळूनही पाहायची नाही. फार झालं तर हात वर करून आभाळ दाखवायची. तिकडून जा म्हणून. आणि तिचा जय भीम. बँकेचा साहेब असो, नगरसेवक असो, दूधवाला असो, ती समोर उभी राहून खणखणीत "जय भीम" म्हणायची आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलायची नाही. एकदा बँकेत नवीन आलेल्या साहेबांनी फाइलमधून डोकं वर न काढता नुसती मान हलवली. मावशी उभीच. मागे रांग वाढली. शेवटी साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जय भीम, मावशी. बसा." मावशी म्हणाली, "आता बसते."

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे ती मला नावाने हाक मारत नसे. "ये कॉलेज, इकडं ये" म्हणायची. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि भीतीही. कारण त्या हाकेमागे कधीही एखादा प्रश्न असायचा आणि त्याचं उत्तर मला येत असेलच असं नव्हतं.

गल्लीतल्या बायकांचा बचत गट होता आणि मावशी त्याची अध्यक्ष. आई सभासद होती. बैठकीत काय ठरलं ते लिहायला मला बसवत, म्हणून पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गटाची एक पद्धत होती. कर्जातून जी वस्तू घेतली जाईल ती कर्ज फिटेपर्यंत गटाकडे तारण. वस्तू घेणारीच्या घरी राहणार, वापरणार ती, पण तिच्यावर हक्क गटाचा. शिलाई मशीन असेल तर तिच्या लाकडावर, भांडी असतील तर त्यांच्या काठावर गटाचा शिक्का ठोकायचा. बकरीवर शिक्का कसा ठोकणार? तिच्या गळ्यात निळी दोरी बांधायची. हे सगळं बायकांनीच ठरवलेलं. त्या शिक्क्यावर त्यांचा फार विश्वास होता. तीच आमची चूक होती, हे नंतर कळलं.

बकऱ्यांची गोष्ट आधी सांगते, कारण मावशी कशी होती ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मावशीने स्वतः गटातून कर्ज काढून बकऱ्या घेतल्या होत्या. पुढे संजयची बायको बाळंतपणात अडली, मोठं ऑपरेशन झालं, दवाखान्याने पैसे भरायला सांगितले. मावशीने बकऱ्या विकल्या. पैसे पदरात बांधून ती सरळ दवाखान्यात जाईल असं कुणालाही वाटलं असतं. ती आमच्या घरी आली आणि आईला म्हणाली, "बायाईले बोलाव. आत्ता."

बायका हातातली कामं टाकून विहारात जमल्या. मावशीने पैसे चटईवर ठेवले.

"निळ्या दोरीच्या बकऱ्या विकल्या. हे त्याईचे पैसे. दोरी बकरीच्या गळ्यात होती तवा बकरी गटाची. आता बकरी पैसा झाली, तं हा पैसा गटाचा."

आई म्हणाली, "मावशी, सून तिकडं पडून हाय. घेऊन जा न ते. मागून पाहू."

"मागून नाई. आधी तुमी हे उचला. मंग मी तुमाले मांगते. द्याचं असन तं द्या, नसन द्याचं तं नका देऊ."

बायकांनी पैसे उचलले. एक क्षण ते आईच्या हातात होते. मग मावशीने हात जोडून नवं कर्ज मागितलं, सगळ्यांनी हो म्हटलं, आणि तेच पैसे आईने तिच्या पदरात परत टाकले. मावशी धावत रिक्षाकडे गेली. मागे काही बायका हसल्या. "नाटक हाय माय हे," असं एक जण म्हणालीसुद्धा. मलाही तेव्हा ते नाटकच वाटलं. आणि थोडा रागही आला. बाई तिकडे कण्हत असेल आणि ही इकडे नियम पाळत बसली.

सून बरी झाली. मावशीने ते कर्ज फेडलं. पण सून तिच्याशी पुष्कळ दिवस बोलत नव्हती, हेही खरं आहे.

आता निर्मलाकाकूची गोष्ट. निर्मलाकाकू गल्लीच्या टोकाला राहायची. मऊ स्वभावाची. तिचं बोलणं ऐकायला वाकावं लागायचं. तिने गटाच्या कर्जातून बिछायत केंद्र काढलं होतं. लग्नाला, बारशाला, तेरवीला, जयंतीला भांडी भाड्याने द्यायची. भात शिजवायचे जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, मोठाले गंज, कढया, झारे, पाण्याचे ड्रम, सतरंज्या. टिनाच्या शेडमध्ये तिने ते सगळं असं रचलं होतं की शेडमध्ये शिरलं की आपला चेहरा दहा ठिकाणी दिसायचा. भाडं थोडं असायचं, पण ते तिच्या हातात यायचं. त्यातून ती मुलीची शिकवणी भरायची.

तिचा नवरा देवानंद. तसा वाईट माणूस नाही, असं मला लिहावंसं वाटतं. पण त्याला आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं दिसायला आवडायचं. निर्मलाकाकूची आई आजारी पडली म्हणून ती समुद्रपूरला माहेरी गेली. आठवड्याने परत आली तेव्हा शेड रिकामं होतं. सतरंज्या तेवढ्या होत्या. आणि दारात एक मोटारसायकल उभी होती, जुनी पण चकचकीत, पुढच्या दिव्याला झेंडूचा हार घातलेली.

बैठक बसली. निर्मलाकाकू कोपऱ्यात, पदर तोंडाला लावून. सगळ्यांना माहीत होतं की तिचं कर्ज अजून बरंच बाकी आहे. गटाने बँकेकडून पैसे उचलले होते आणि सगळ्या बायका एकमेकींना जामीन होत्या. हे बुडालं तर बँक गटाला पुन्हा दारात उभं करणार नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट समोर कोपऱ्यात बसली होती. भांडी गेली म्हणजे निर्मलाकाकूच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

"शिक्का भांड्यावर होता," एक जण म्हणाली. "भांडं गेलं, शिक्का गेला. आता काय करतं माणूस?"

"जाऊ द्या मावशी. नवराच हाय तिचा. घरातली गोष्ट हाय."

"कोठी जाऊ देऊ?" मावशी म्हणाली. "भांडे हवेत उडून गेले का? पैसा झाला त्याईचा. पैसा कोठी गेला? दारात उभा हाय न, हार घालून."

मग ती माझ्याकडे वळली. "काय वो कॉलेज, तुह्या पुस्तकात काय लिहेल हाय?"

मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. व्यापारी कायद्याचा पेपर होता. जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. तारण ठेवलेली वस्तू विकली गेली तर धनकोचा हक्क तिच्या विक्रीतून आलेल्या पैशावर येऊ शकतो. पण कागदात तसं लिहिलेलं असेल तर बरं. आणि तो पैसा ओळखता आला पाहिजे, दुसऱ्या पैशात मिसळून गेला तर अवघड. आपल्या ठरावात तर नुसतं "भांडी तारण" एवढंच लिहिलंय. मी शेवटी असंही म्हणाले की मला पूर्ण खात्री नाही, सरांना विचारते.

"इचारजो," मावशी म्हणाली. "पुस्तकात असन तं बरं झालं. नसन तं लिहून घे म्हणा पुस्तकात."

दोनच दिवसांनी भांड्यांचा पत्ता लागला. गल्लीतलं एक कुटुंब गिरडला दर्ग्यावर गेलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी नवसाचं जेवण रांधून देणारे आचारी असतात. तिथे एका गंजाच्या काठावर त्यांना आमच्या गटाचा शिक्का दिसला. मावशी दुसऱ्या दिवशी निघाली. निर्मलाकाकूला बरोबर घेतलं आणि मला म्हणाली, "तू चाल. बोलाले नाई, पाहाले."

बस बदलत आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आचारी म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मावशीने गंजाच्या काठावरून बोट फिरवलं, शिक्क्यावर थांबवलं आणि म्हणाली, "जय भीम चाचा. हे भांडे आमचे हायेत."

चाचांनी आधी जय भीम केला. मग घाबरून म्हणाले, "बाई, मैंने तो पैसे देके लिये. देवानंद बोला, बीवी ने धंदा बंद किया. तीन जन गवाह हैं. चोरी का माल होता तो दर्गा के सामने चुल्हे पे रखता क्या?"

"पूरे पैसे दिये?"

"पूरे. एक रुपया बाकी नहीं."

मावशीने गंजावरचं बोट काढून घेतलं. निर्मलाकाकू तिच्या कानाशी पुटपुटली, "मावशी, दोन गंज तरी मांगा न. देतीन ते. चांगले माणसं दिसून राह्यले." आणि खरंच, चाचाही म्हणाले की दो-चार बर्तन ले जाओ, झगड़ा नको.

"नाई," मावशी म्हणाली. "निर्मले, त्याईनं दाम मोजला. आपलं जे काई होतं ते दामासंगं देवानंदच्या खिशात गेलं. आता हे बी घ्याचं आन् ते बी घ्याचं, तं आपण कोण झालो? लुटारू." मग चाचांकडे वळून, "तुमच्याकडं आमचं काई नाई चाचा. बेफिकीर राहा. फक्त हे भांडे या लेकीनं विकले नाई, एवढं ध्यानात ठेवजा. कोनी इचारलं तं सांगजा."

चाचांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्याच गंजातला भात. निर्मलाकाकू नुसता भात चिवडत होती. मावशी मात्र दोनदा मागून घेऊन जेवली. हात धुताना म्हणाली, "भांडं चांगलं घेतलं होतं वो तू, निर्मले. करपत नाई." तेव्हा निर्मलाकाकू हसली आणि मग रडायला लागली.



दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंद अंघोळीला गेलेला असताना मावशी त्याच्या दारात आली, पदर खोचला आणि मोटारसायकलवर चढून बसली. जशी माणसं बाजेवर बसतात तशी, दोन्ही पाय एका बाजूला. मांडीवर तुरीच्या शेंगांनी भरलेलं टोपलं. आणि ती शेंगा सोलायला लागली.

देवानंद टॉवेलवरच बाहेर आला. "मावशी, काय करून राह्यल्या?"

"शेंगा सोलून राह्यली."

"उतरा ना. मले कामावर जायचं हाय."

"पायी जा. मी तुह्या गाडीवर बसली नाई, देवा. मी आमच्या भांड्यावर बसली."

तोवर गल्ली गोळा झाली होती. पोरं मोबाइल काढून उभी. देवानंद कपडे घालून आला आणि जरा आवाज चढवून म्हणाला, "गाडी माह्या नावावर हाय. कागद दाखवू? तुमच्या कागदावर भांडे लिहेल हायेत. गाडी लिहेल हाय का? दाखवा!"

"गाडी काऊन लिहीन? तवा गाडी कोठी होती? तवा तं हे भात शिजवत होती."

लोक हसले. देवानंदला ते लागलं. त्याने वॉर्डातल्या एका भाऊंना फोन केला. भाऊ आले, पांढरे कपडे, चार माणसं मागे. मावशीने जय भीम केला आणि वाट पाहिली. भाऊंनी उत्तर दिलं, मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, तुमी मोठ्या हा. नवराबायकोच्या मामल्यात गटानं पडू नये. तुमाले कायद्यानं जायचं तं कोर्ट हाय."

"जाईन न. कोर्ट कोठी पळून चाललं? पण गाडी पळते भाऊ, तिले चाकं हायेत. उद्या हा हे बी इकून टाकीन, त्याचा मोबाइल घेईन, परवा मोबाइल इकून अजून काई. मी म्हातारी मानूस, कोनाकोनाच्या मांगं धावू? म्हनून इथंच बसली."

"मावशी, उचलून उतरवा लागन मंग," मागून कुणीतरी म्हणालं.

"उचल," मावशी म्हणाली. तिने शेंग सोलणं थांबवलं नाही. "दवाखान्यात मी तीनतीन मानसं एकटीनं उचलली हायेत. पाहू तुले जमते का."

कुणी पुढे आलं नाही. पण मला दिसत होतं की मावशीची बोटं आता शेंगेवरून घसरत होती. ऊन तापलं होतं. आणि एक गोष्ट सगळ्यांना कळत होती, मावशीला तर नक्कीच. देवानंदने आता एकच वाक्य बोलायचं बाकी होतं, आणि तो ते बोललाच.

"बायकोनंच सांगितलं होतं इका म्हणून! तिले इचारा!"

सगळे दाराकडे वळले. निर्मलाकाकू उंबऱ्यात उभी होती. ती हो म्हणाली असती तर संपलं असतं. घरात शांतता राहिली असती, नवऱ्याची लाज राहिली असती, आणि मावशी गाडीवर एकटी खुळ्यासारखी बसलेली दिसली असती. मी मावशीकडे पाहिलं. तिने निर्मलाकाकूकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून ती शेंगा सोलत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या उत्तराची वाट न पाहता बसली होती, किंवा पाहत होती पण दाखवत नव्हती.

निर्मलाकाकू उंबरा उतरली. गर्दीतून वाट काढत आली. नवऱ्याच्या समोरून गेली. साडी सावरली, गाडीच्या मागच्या सीटवर हात टेकला आणि मावशीच्या शेजारी चढून बसली.

"मी नाई सांगितलं," ती म्हणाली. ऐकायला वाकावं लागलं नाही.

मावशीने टोपलं थोडं तिच्या मांडीवर सरकवलं. "सोल," म्हणाली.

त्या संध्याकाळी बायकांनी गाडी विहाराच्या आवारात ढकलत नेली; बायकोच गाडीवर बसल्यावर देवानंदला अडवता आलं नाही. देवानंदने ती सिंदी मेघेच्या एका ओळखीच्याकडून घेतली होती. त्या ओळखीच्यानेच देवानंदची सही घेऊन ती कमी भावात परत घेतली. ते पैसे चटईवर आले, बायकांनी उचलले आणि तिथल्या तिथे निर्मलाकाकूला नव्याने दिले. बकऱ्यांच्या वेळी जे मला नाटक वाटलं होतं, ते या वेळी कुणालाच वाटलं नाही. नव्या ठरावात आता "भांडी, आणि ती विकल्यास त्यांचे येणारे पैसे, आणि त्या पैशातून घेतलेली वस्तू" असं मी लिहिलं. सरांनी वाचून दोन शब्द बदलले.

सगळं भरून आलं असं नाही. भांडी आधीपेक्षा कमी आली. देवानंद वर्षभर गटातल्या बायकांकडे बघत नव्हता. निर्मलाकाकूच्या घरात काय झालं ते तिने सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. पुढच्या वेळी बायकांनी अध्यक्ष बदलला. मावशीसोबत चालताना धाप लागते, असं आई म्हणाली. मावशीने गटाच्या पेटीच्या चाव्या दिल्या आणि पुढच्या बैठकीला पहिल्या ओळीत येऊन बसली. नव्या अध्यक्षांना एवढे प्रश्न विचारले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

मी नागपूरला शिकायला गेले. मावशी मला शेवटची दिसली ती गल्लीतल्याच एका लग्नात, सुट्टीत आले होते तेव्हा. भांडी निर्मलाकाकूची होती. जेवणं उरकली होती आणि मांडवाच्या मागे गलका सुरू होता. वरपक्षाचे एक मामा न विचारताच टेम्पोत उरलेल्या मिठाईसह एक पातेलं चढवत होते. "उद्या पाठवतो न बाई, एवढ्यासाठी काय अडवून राह्यल्या?"

"पातेलं उतरवा," निर्मलाकाकू टेम्पोच्या फाळक्याला धरून म्हणाली. "मिठाई तुमची हाय, घेऊन जा. पातेलं माह्यं हाय. मी इथून हलत नाई."

मावशी थोड्या अंतरावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. फार वाळली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. नवरीकडची एक बाई धावत तिच्याकडे आली. "मावशी, तुमी जाऊन बोला ना दोन शब्द. तुमचं ऐकतीन."

मावशीने तिकडे एकदा मान वळवून ऐकलं. निर्मलाकाकूचा आवाज आता मांडवाच्या या टोकापर्यंत येत होता.

"माह्यं काय काम हाय तिथं?" मावशी म्हणाली. मग हातांनी खुर्ची उचलून तिने ती भांडणाकडे पाठ होईल अशी फिरवली, परत बसली, पाय लांब केले आणि मला म्हणाली, "ये कॉलेज, मठ्ठा उरला असन तं पाह्यजो वो. घसा सुकून गेला."